चाकरी की शिक्षा

अण्णा, तुमच्या नातीला उद्या दुपारपर्यंत कॉलेजला हो किंवा नाही कळवायचं आहे, आणि मघाशी ती मला विचारून गेली, काय कळवू. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती व्हायच्या आधीच तुम्ही गेलात, त्यामुळे तिला आजवर एकही चुकीचा सल्ला न दिलेले आमच्या घरातले तुम्ही एकटेच. ती आता बी.सी.ए. झाली, म्हणजे कॉम्प्युटरची पदवीधर. तुम्ही असतात तर कोलकात्यातल्या डमडमच्या या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर संदेशाची मिठाई वाटली असती आणि वर ऐकवलं असतं की आमच्या घरात आता कॉम्प्युटरची दुसरी पिढी. पहिली पिढी मी. ती अजून नोकरीत आहे, न्यू टाउनमधल्या एका काचेच्या इमारतीत, आणि रोज सकाळी गळ्यातलं कार्ड दाराला दाखवून बघते की दार आजही उघडतंय का. उघडलं की दिवसातलं मुख्य काम झालं असं समजते आणि चहा घ्यायला जाते.

प्रश्न तसा साधा आहे. शेवटच्या वर्षाला तिच्या कॉलेजात एक कंपनी आली, मुलांच्या मुलाखती घेतल्या, हिला निवडलं. शेजारच्या बंगाली मावशींनी, माशीमांनी, तर खजुराच्या नलेन गुळाचे संदेश आणून दिले, त्याचा मोसम नसताना, कुठून आणले देव जाणे. मग कंपनीनं कळवलं की रुजू व्हायची तारीख जरा पुढे गेली आहे. मग आणखी जरा. मग हिनं फोन केला, तर पलीकडची बाई म्हणाली, "देखछी." देखछी म्हणजे बघतो. तुम्हाला आठवत असेल, या शहरात एखाद्या कामाला देखछी म्हटलं की त्या कामाचं तेरावं घालायला हरकत नसते. हिनं तरी आशा ठेवली. फोन उशाशी घेऊन झोपायची. मी या लाइनमध्ये जन्म काढला आहे, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण संदेश अर्धे उरले होते, म्हणून बोलले नाही.

आता उरलं आहे पुढचं शिक्षण. एम.सी.ए., दोन वर्षं. जागा मिळाली आहे. मिळाली म्हणण्यापेक्षा तिथे जागाच जागा आहेत. कॉलेजवाले आठवड्यातून दोनदा फोन करून तिची तब्येत विचारतात. तरी आम्ही दोघी मागच्या रविवारी एका करिअर मेळाव्याला जाऊन आलो, म्हटलं सगळं बघून घ्यावं. मोठा हॉल, गारठवणारा एसी, रांगेनं टेबलं, प्रत्येक टेबलावर हसऱ्या मुलामुलींचे फोटो. बी.सी.ए.नंतर काय, असं भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलेलं. डेटाचं शास्त्र, सायबर सुरक्षा, एम.बी.ए., परदेश, सरकारी परीक्षा. त्यात एक टेबल बँकेतल्या क्लार्कच्या परीक्षेच्या क्लासचं होतं. अण्णा, तुमच्या बँकेतला क्लार्क. आयुष्यभर ज्याच्यापासून मला वाचवायला निघालात, ते पद तिथे स्वप्न म्हणून विकायला ठेवलं होतं, आणि सगळ्यात लांब रांग त्याच टेबलापुढे. एका टेबलामागे एक बाई होती, तिशीची असेल, गळ्यात पट्टा, हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा. तिनं हिंदीत आम्हाला समजावलं की एम.सी.ए.ला फार स्कोप आहे. एवढा स्कोप की किती सांगू. मी विचारलं, "तुमचं शिक्षण काय झालंय?" म्हणाली, "एम.सी.ए., मॅडम." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "फिर यही, मॅडम." आणि एक माहितीपत्रक पुढे केलं. मी ते घेतलं. नाही घेतलं तर तिला संध्याकाळी गठ्ठा परत न्यावा लागला असता.

तुमचा तो जुना विनोद मला त्या हॉलमध्ये आठवला. आपण बदलीवर इथे नवीन आलो होतो, तीन वर्षांसाठी, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. बँकेतले युनियनचे दादा घरी आले होते, आपल्याला काय हवंनको बघायला. गोल चेहरा, पांढरंशुभ्र धोतर, हातात दह्याचं मडकं. माझ्याकडे कौतुकानं बघत त्यांनी तुम्हाला विचारलं, "मेयेके उच्चो शिक्खा देबेन तो?" मुलीला उच्च शिक्षण देणार ना, एवढंच विचारत होते बिचारे. आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली आणि मला म्हणाली, "काय केलंस गं?" तोवर दादांचा पुढचा प्रश्न आलाही होता, शिक्खा झाल्यावर मुलगी चाकरी करणार का. आई ताठ उभी राहून म्हणाली, "आमच्यात मुलींना कुणाची चाकरी करायला लावत नाहीत." तुम्ही हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होतात. दादा गेल्यावर म्हणालात, "या लोकांचं मला पटलं. शिक्षणाला शिक्षा म्हणतात आणि नोकरीला चाकरी. आपणच मराठीत उगाच गोड नावं ठेवून बसलोय." तेव्हापासून मी कॉलेजातून आले की तुमचा प्रश्न ठरलेला, "झाली का आजची शिक्षा?" आणि तुम्ही ऑफिसला निघालात की माझा, "निघाली का चाकरी?" 

तुमच्या नातीला या विनोदातला विनोद माहीत नाही. ती इथेच वाढली. शाळा इंग्रजी, मैत्रिणी बंगाली, रिक्षावाला हिंदी, आणि मराठी फक्त आई रागावली की. परवा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत होतो, तर पुढच्या काकूंनी मागे वळून तिला विचारलं, "काय गं, बी.सी.ए. झालं ना तुझं? आता पुढे काय?" ही सरळ मनानं म्हणाली, "काकू, चाकरी तर मिळत नाहीये. म्हणून आणखी दोन वर्षं शिक्षा घेईन म्हणते." काकूंचा हात वाटीतच राहिला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "आणि गुन्हा काय तुझा?" सगळी रांग हसली. मीही हसले, सवयीनं. येताना टॅक्सीत ती म्हणाली, "आई, मी काय चुकीचं बोलली?" मी म्हटलं, "काही नाही. अगदी बरोबर बोललीस." आणि अण्णा, त्या आठवड्यात मी तिच्याशी खरं बोलले ते एवढंच एक वाक्य.

तुमच्या ब्रँचमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की तो घेराव मला मीच पाहिल्यासारखा आठवतो. प्रत्यक्षात मी पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं स्वयंपाकघर. रविवार आहे, पोहे तुम्ही करायचे हा नियम आहे, तुम्ही बनियनवर, हातात उलथनं, आणि त्या उलथन्याचा माइक करून तुम्ही आम्हाला अख्खी सभा करून दाखवताय. चोलबे ना, चोलबे ना. चालणार नाही, चालणार नाही. खोक्यातून यंत्र बाहेर काढायच्या आधीच केबिनबाहेर माणसं बसली. तुम्ही त्यांना चहा पाठवला, त्यांनी तो घेतला, कप नीट परत पाठवले आणि पुन्हा घोषणा सुरू. मग दादा पुढे होऊन म्हणाले, "साहेब, हे यंत्र आज माझी चाकरी खाईल आणि उद्या माझ्या मुलाची." टाळ्या. हे सगळं झालं, माणसं पांगली, तुम्ही बॅग उचलली, तर दादा अजून दारात. इकडेतिकडे बघून हळूच विचारतात, "साहेब, कॉम्प्युटरचा क्लास कुठला चांगला? माझा मुलगा बारावी झाला." इथे तुम्हाला इतकं हसू आलं की पोहे खाली लागले. "एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात क्लासचा फॉर्म," तुम्ही म्हणालात, "याला म्हणतात दूरदृष्टी." मग तेच उलथनं माझ्याकडे वळलं. "तूही त्याच क्लासला जायचंस. कॉम्प्युटर कुणाची नोकरी खात नाही. जो कॉम्प्युटर शिकत नाही, त्याची खातो." मला तेव्हा मराठी साहित्य घेऊन एम.ए. करायचं होतं. आई म्हणाली, "अहो, तिला विचारा तरी." तुम्ही म्हणालात, "विचारतो ना. सोमवारपासून जाशील की मंगळवारपासून?"

आता तुमच्याविषयी थोडं वाईट बोलते, नाहीतर पत्र कुणा परक्यानं लिहिल्यासारखं वाटेल. ज्या यंत्रासाठी तुम्ही घेराव सोसलात, त्याला तुम्ही स्वतः कधी बोटही लावलं नाहीत. ते तुमच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या कव्हराखाली असायचं, विश्वकर्मापूजेला दादाच त्याला जास्वंदीचा हार घालायचे, आणि तुम्ही लांबून नमस्कार करायचात. पुढे बँकेची स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा अर्ज देणाऱ्यांत तुम्ही पहिले. म्हणालात, "आता तरुणांनी करावं." तरुण म्हणजे मी. बाकी दादांच्या मुलाचं सांगायचं तर तो क्लासला माझ्या शेजारीच बसायचा. पुढे अमेरिकेला गेला, मोठा झाला. गेल्या वर्षी त्याचा निरोप आला की कंपनीनं एका सकाळी सगळ्या विभागालाच घरी बसवलं. म्हणजे दादांचं बरोबर होतं. कोलकात्यात सगळं उशिरा येतं, एवढी एक घोषणा तेवढी वेळेच्या फार आधी आली.

क्लासचा पहिला दिवस मला तुकड्यातुकड्यांनी नाही, सलग आठवतो. डमडमहून आपण सियालदहला उतरलो. स्टेशनबाहेर भाज्यांचे ढीग, हातगाड्या, माणसांचे लोंढे, आणि तुम्ही बँकेच्या इस्त्रीच्या कपड्यांत माझ्यापुढे वाट काढत चालला आहात. छत्र्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर क्लास. अरुंद, अंधारा जिना. वर दारावर पाटी, पादत्राणे बाहेर काढावीत. आत गालिचा, एसी, आणि भिंतीशी रांगेत बसवलेले कॉम्प्युटर, देवळातल्यासारखे. मी चपला काढल्या आणि तिथेच थांबले. आतून कुठल्यातरी यंत्राची घरघर ऐकू येत होती. मी तुम्हाला विचारलं, "अण्णा, हे शिकून होईल ना नक्की काहीतरी?" तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, पाटीकडे बघितलंत. म्हणालात, "होईल म्हणजे? काळ्या दगडावरची रेघ." मग वाकून माझ्या चपला उचलल्यात. "इथे ठेवल्या तर संध्याकाळी भलत्याच्याच पायात दिसतील. मी खाली उभा आहे. जा." मी म्हटलं, "तुम्ही म्हणता तर." आणि आत गेले. खिडकीतून दिसत होतं, बँकेचे अधिकारी रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीशी उभे, एका हातात मातीचं भांडं, दुसऱ्या हातात मुलीच्या चपला, आणि येणारेजाणारे बघताहेत. क्लास सुटेपर्यंत तुम्ही तसेच होतात. 

रेघ तशी खरी ठरली, नाही म्हणणार नाही. त्या गालिच्यावरून मी जी निघाले ती न्यू टाउनच्या काचेपर्यंत पोचले. बँकांचे प्रोग्राम लिहायचे, तपासायचे, दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या. यावर घर झालं, मुलगी शिकली, आईचं आजारपण निभावलं. आणि आता आमच्याकडे एक नवीन यंत्र आलं आहे. म्हणजे यंत्रसुद्धा नाही, दिसत काहीच नाही, हार घालायचा तर घालायला जागा नाही. त्याला साध्या भाषेत सांगायचं, असा असा प्रोग्राम हवा, आणि ते लिहून देतं. मी बावीस वर्षांची असताना ज्या कामाला माझा आठवडा जायचा, ते माझा चहा गार व्हायच्या आत होतं. चुका करतं, पण चूक दाखवली की म्हणतं, तुमचं बरोबर आहे, क्षमा असावी. माझ्या टीममधल्या एकानंही आजवर मला असं म्हटलेलं नाही. गेल्या महिन्यात बंगळुरूहून साहेब पडद्यावर आले आणि म्हणाले की घाबरू नका, हे कुणाची नोकरी खात नाही, जो हे शिकत नाही त्याची खातं. मी दचकले. तुमचं वाक्य, अण्णा, शब्दाला शब्द. फक्त उलथनं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की यंदा कॉलेजातून नवीन मुलं घ्यायची नाहीत, आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. काम आहे, माणसं लागत नाहीत. कुणाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. कुणी चोलबे ना म्हटलं नाही. आम्ही सगळे उच्चशिक्षित लोक, आम्हाला घोषणा येत नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे ज्या नवीन मुलांना घ्यायचं नाही त्यांची रांग आली आणि त्या रांगेत आमची ही उभी होती, इस्त्री केलेला कुर्ता घालून.

तर आज दुपारची गोष्ट. तुमचे जावई पेपरमागून म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा," आणि पान उलटलं. मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते, रविवारचा नियम आता माझ्याकडे आला आहे. ती फ्रिजला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आई, उद्या लास्ट डेट आहे. तू या लाइनमध्ये आहेस. तू सांग. एम.सी.ए. करून मला जॉब मिळेल ना? खरं सांग हं."

खरं मला माहीत आहे. जे दोन वर्षांत तिला शिकवतील ते आमच्याकडचं यंत्र आजच करतं. दोन वर्षांनी ते आणखी काय करेल, ते त्याचे निर्मातेही सांगू शकत नाहीत, ते फक्त पैसे गोळा करताना सांगतात. आणि एम.सी.ए. नको म्हणावं तर त्याऐवजी काय, हेही मला माहीत नाही. क्लार्कच्या परीक्षेची रांग? मेळाव्यातल्या त्या बाईशेजारची रिकामी खुर्ची? तिला लहानपणी चित्रं काढायला आवडायचं, तर परवा बघितलं, चित्रंही आता तेच काढतं. घरी बसवावं तर ती फोन उशाशी घेऊन झोपते, ते बघवत नाही. एम.सी.ए. केलं तर निदान दोन वर्षं कुणी तिला पुढे काय विचारणार नाही. एवढाच मला त्यात दिसलेला स्कोप. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, आणि अण्णा, बाहेर पडलं ते हे: "मिळेल म्हणजे? काळ्या दगडावरची रेघ."

ती म्हणाली, "म्हणजे?"

मी म्हटलं, "म्हणजे नक्की. काळ्या दगडावर रेघ ओढली की ती पुसत नाही."

तिनं विचार केला. तिला मराठी म्हणी परक्या आहेत, त्यामुळे ती त्यांचा अर्थ खरोखर लावायला बघते. म्हणाली, "पण काळ्या दगडावर रेघ दिसते का?"

इतकी वर्षं ती म्हण वापरली, हे मला कधी सुचलं नव्हतं. तुम्हाला सुचलं होतं का? त्या जिन्यात तुम्ही पाटीकडे बघत होतात, माझ्याकडे नाही. मी आज कढईकडे बघत होते. पाठ वळवून, आवाज थोडा खाली आणून, कामात असल्यासारखं बोलायचं. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, आपोआप जमली. म्हणजे तुम्हालाही तेव्हा काहीच माहीत नव्हतं. उलथनं हलवत तुम्ही जे सांगितलंत ते दादांच्या घोषणेइतकंच अंदाजपंचे होतं. तुमचा अंदाज तीसएक वर्षं चालला. माझा दोन वर्षंसुद्धा चालणार नाही, हे मला कढईकडे बघताना ठाऊक होतं.

"पोहे लागतायत, आई," ती म्हणाली. मी गॅस बंद केला. ती जरा थांबली आणि म्हणाली, "ठीक आहे. तू म्हणतेस तर." आणि आत गेली. आतून लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. ती हो कळवत असणार.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही आणि तिला एवढं मराठी वाचवणार नाही, त्यामुळे इतकं निर्धास्त मी आजवर काही लिहिलेलं नाही. तिचा आवाज मात्र कानातून जात नाही. "तू म्हणतेस तर." त्यात विश्वास नव्हता, अण्णा. मला बरं वाटावं म्हणून तिनं ठेवल्यासारखं केलं. मला लगेच ओळखू आलं, कारण त्या जिन्यात मीही तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता. माझ्या चपला तुमच्या हातात होत्या, म्हणून आत गेले.